पंचाची सहा मिनिटं

कॉरिडॉर तीस मीटरचा. फरशीवर दर तीन मीटरला एक पिवळी पट्टी, अशा नऊ. दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू. भिंतीलगत हाताच्या खुर्च्या चार. बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र एक, ऑक्सिजनचं नळकांडं एक, पाण्याचा जग एक, पेले सहा. घड्याळं दोन: एक भिंतीवर, एक सिस्टरांच्या गळ्यात, आणि दोघांत सात सेकंदांचं जुनं भांडण. माणूस एक. तोही चालायला आलेला नव्हता; चालणाऱ्याला मोजायला उभा होता.

"दहाची वेळ दिली होती," सिस्टर शंकूला म्हणाल्या.

जिन्यावरून आकडेवाली उतरली. वरच्या मजल्यावर बसून या अभ्यासातल्या सगळ्या आकड्यांकडे बघणारी ही मुलगी. तिच्या पदाचं नाव इतकं लांब होतं, की दरवाज्यावरच्या पाटीत ते दोन ओळींत बसवावं लागलं होतं. म्हणून सगळे तिला आकडेवाली म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई.

"आले पंच?"

"फोन केला. सुनेनं उचलला. म्हणाली, बाबा झोपलेत."

"आत्ता? साडेदहाला?"

"चाळीस वर्षं फुटबॉलचे सामने घेतलेला माणूस, उभ्या आयुष्यात उन्हं वर येईपर्यंत झोपला नसेल. झोपलेत म्हणे." सिस्टरांनी गळ्यातलं घड्याळ शून्यावर आणलं. ते शून्यावरच होतं. "येतो म्हणाले होते गं. मीच फोन केला होता, मीच ऐकलं."

"उद्या पाचला बंद होतंय सगळं."

"मला सांगतेस?"

अभ्यास होता दम लागण्याच्या आजारावरच्या एका नव्या औषधाचा. तो गावोगावच्या केंद्रांत चालला होता; या केंद्रात एकशे अठरा माणसं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण आत काही नसलेलं. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं आणि सिस्टरांनाही. दर तीन महिन्यांनी माणसानं यायचं आणि या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायचं, आपल्या चालीनं, जमेल तेवढं. शंकूला वळसा, परत, पुन्हा शंकू. सहा मिनिटांत जितके मीटर, तो त्याचा आकडा. वर्षाअखेर दोन्ही निम्म्यांचे आकडे शेजारी ठेवायचे. इथला सारा अभ्यास या फरशीवर उभा होता, आणि फरशी सिस्टरांची होती. पेशंट त्यांना मीटरबाई म्हणत. काही वात्रट म्हातारे रिक्षात बसल्यासारखं खुर्चीत बसून म्हणत, "मीटर टाका बाई."

घोळ उघडकीला आला तो दीड महिन्यापूर्वी.

"सिस्टर, या चौदा जणांच्या नावापुढे मधेच सगळं कोरं होतंय," आकडेवाली खाली येऊन म्हणाली होती.

"ते बाद झालेत."

"वारले?"

"भलतंच काय बोलतेस. औषध सोडलं त्यांनी. कुणाला सोसलं नाही, कुणाला कंटाळा आला."

"मग पुढे चालायला का नाही बोलावलं?"

"औषधच घेत नाहीत, तर त्यांना मोजून काय करायचं?"

त्यावर आकडेवाली चारांपैकी एका खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "सिस्टर, त्यांनी औषध सोडलं. अभ्यास कुठे सोडला?"

केंद्र सुरू झालं तेव्हापासून हीच पद्धत होती. कुणाच्या मनात खोट नव्हती. औषध थांबवलेल्या माणसाला उगाच हेलपाटे कशाला, या भल्या विचारानं सगळे तसं करत आले होते. सिस्टर स्वतः त्या माणसाचा हात हातात घेऊन सांगत, "झालं हो, सुटलात तुम्ही." चौदा माणसांना त्यांनी असं प्रेमानं सोडवलं होतं. आता अभ्यासाच्या मुख्य कार्यालयाचं म्हणणं असं, की या चौदांचं काय झालं ते शोधा. नाहीतर तुमच्या केंद्रावर विश्वास ठेवता येणार नाही, आणि मग एकशे अठराही जणांचे आकडे बाजूला ठेवून निकाल लावू.

बाजूला ठेवू, म्हणजे दीड वर्ष माणसं धापा टाकत या फरशीवरून चालली ती फुकट.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "प्रत्येकाचा शेवटचा आकडा आहे ना आपल्याकडे? तोच पुढे लिहा. पूर्वी सर्रास करायचे."

"पंचांचा शेवटचा आकडा चारशे अकरा," आकडेवाली म्हणाली. "तिसऱ्या महिन्यातला. त्यानंतर त्यांनी औषध सोडलं. आज ते कसे आहेत, कुणाला माहीत नाही, आणि आपण लिहायचं चारशे अकरा. म्हणजे माणसाचा फोटो भिंतीला टांगायचा आणि म्हणायचं, बघा, याचं वय वाढतच नाही."

"मग सरासरी घाला."

"कुणाची? जे आले त्यांची? डॉक्टर, जे चालू शकतात तेच चालायला येतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते हट्टी होते, पण हट्ट कधी सोडायचा ते त्यांना कळायचं. "बरं," ते म्हणाले. "मग आणा त्यांना. येतील त्या वेळी तपासायला मी बसतो. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा."

आणि खरंच बसले.

सिस्टरांनी चौदाच्या चौदा दारं शोधली. फुलं विकणाऱ्या बाईनं औषध सोडलं होतं ते बरं वाटायला लागलं म्हणून. "आजारी पडायला वेळ कुठाय मला," ती म्हणाली, आणि दुकान शेजारणीवर सोपवून येऊन चारशेच्या वर चालून गेली. ट्रक चालवणारा एक जण कायम रस्त्यावर. तो आला तेव्हा ट्रक दवाखान्याच्या दारात उभा करून आला, आणि अर्धा तास एकाही ॲम्ब्युलन्सला आत शिरता आलं नाही. एक जण जावयाशी भांडून मुलीच्या घरातून निघाला होता आणि औषधाचा डबा तिकडेच राहिला होता. मागायला जाणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. असे नऊ जण आले.

एक बाई गेल्या होत्या, चार महिन्यांपूर्वी. सिस्टर त्यांच्या घरी जाऊन बसल्या, पाणी प्यायल्या, तारीख आणि कारण विचारून घेतलं. परत येऊन त्यांनी ते आकडेवालीला सांगितलं आणि म्हणाल्या, "ही जागा राहिली बघ कोरी."

"नाही," आकडेवाली म्हणाली. "त्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. कोरी ती, जिथलं काही ठाऊक नाही."

राहिले चार. एकाचं घर आणि फोन दोन्ही बदललेलं, मागमूस नाही. दोघांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. तो त्यांचा हक्क, सिस्टरांनी पुन्हा दार वाजवलं नाही. आणि चौथे पंच. त्यांनी नको म्हटलं नव्हतं. ते येतो म्हणत आणि येत नसत. आज ही तिसरी खेप.

"चौदात चारच राहिले की," त्याच दिवशी, गुरुवारी, दुपारी चहा घेताना डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ झालं. एका माणसाच्या मागे किती लागायचं?"

आकडेवालीनं कप खाली ठेवला. "आलेले नऊ कसे होते, डॉक्टर?"

"चांगले होते. ठणठणीत म्हटलं तरी चालेल."

"तेच तर. नऊच्या नऊ चांगले. औषध सोडून जो खालावला, असा एकही अजून आपल्या फरशीवर आलेला नाही. उद्या मुख्य कार्यालयाची समिती मला पहिला प्रश्न हाच विचारणार, की न आलेले कसे आहेत? मी अंदाज मांडेन. पण तो अंदाज हवेत. खालावलेल्या एकाचा जरी खरा आकडा हातात असेल, तर बाकीच्या तिघांबद्दलच्या माझ्या अंदाजाला जमीन मिळेल. मग आपलं केंद्र टिकेल, असं मला वाटतं. त्याशिवाय मी शब्द देऊ शकत नाही."

"पंच खालावलेत हे कशावरून?"

"चारशे अकरा चालणारा माणूस साडेदहाला झोपत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

सिस्टरांच्या नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दवाखान्यापासून तीन गल्ल्यांवर. सिस्टर दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो एका मशीनच्या पोटात तोंड घालून बसला होता.

"अहो, स्कूटर काढा. एका पेशंटकडे जायचंय."

"हे मशीन संध्याकाळी द्यायचंय."

"तुमच्या ओळखीचा आहे माणूस. तो पंच. फुटबॉलचे सामने घ्यायचा बघा, उंच, मिशीवाला."

त्यानं मशीनमधून तोंड बाहेर काढलं. नाकाला तेल लागलं होतं. "तो? त्यानं मला लाल कार्ड दाखवलं होतं."

"कधी?"

"आपलं लग्न व्हायच्या आधी. उपान्त्य सामना. मैदानाबाहेर काढला मला, सगळ्या गावासमोर. आणि तू मला त्याच्या घरी चल म्हणतेस?" तो हात पुसत उठला. "थांब. शर्ट बदलून येतो."

पंचांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. दार सुनेनं उघडलं. सिस्टरांना बघून ती ओशाळली. "सकाळी ते झोपले नव्हते हो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला तसं सांगायला लावलं. गेले सहा महिने जिना उतरले नाहीत. मी म्हणाले की दोघं मिळून धरून नेतो, तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत."

पंच खिडकीपाशी ताठ बसले होते. मिशी पांढरी झाली होती, पण तिची टोकं अजून वर होती. श्वास घेताना खांदे उचलले जात होते. ते दिसू नये म्हणून त्यांनी अंगावर शाल घेतली होती. सिस्टरांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बसा सिस्टर. हे कोण?"

"माझे मिस्टर."

"नमस्कार," पंच म्हणाले. नवऱ्यानं नमस्कार केला, जरा उशिरानं.

"काका, सकाळी वाट बघितली तुमची," सिस्टर म्हणाल्या. "रागवायला नाही आले. विचारायला आले. नको असेल तर नको म्हणा, मी पुन्हा त्रास देणार नाही. पण तुम्ही नको म्हणतही नाही."

पंच थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. त्यांचं बोलणं आता तुकड्यातुकड्यांनी यायचं. "नको म्हणायचा प्रश्नच नाही. मला येताच येत नाही. मी औषध मधेच सोडलं. हात थरथरायचे. कप धरता येईना. तुम्हीच म्हणालात, सुटलात. म्हणजे मी बाहेर. बाहेर गेलेला खेळाडू परत आत येत नाही. आला, तर सामनाच रद्द. हा नियम मी चाळीस वर्षं चालवला."

"तुम्हाला बाहेर आम्ही काढलं, काका. ते आमचं चुकलं. नियम तसा नव्हताच."

"पंचाचा निर्णय फिरवता येत नाही."

"चुकला तरी?" नवऱ्यानं विचारलं.

"चुकला तरी."

"मग माझ्यावरचा पण चुकलाच होता, आता सांगून टाका. इतकी वर्षं थांबलोय."

पंचांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकावरचं तेल पाहिलं, कान पाहिले, खांदे पाहिले. "उजवा बचाव," ते म्हणाले. "उपान्त्य सामना. चिखल होता. हुज्जत घातलीत तुम्ही."

"चेंडू माझ्या खांद्याला लागला होता. हाताला नाही."

"खांद्याला लागला होता की हाताला, ते सोडा. त्यावर तुम्ही मला जे म्हणालात, त्यासाठी कार्ड होतं. शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या. सांगू? सूनबाई आत आहेत."

"नको," नवरा घाईनं म्हणाला.

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि अजून त्यांना नवीन काहीतरी कळत होतं.

पंच हसले. हसल्यामुळे खोकला आला. सून दारात येऊन उभी राहिली, पंचांनी हातानं तिला आत जा म्हणून खुणावलं.

मग नवराच बोलला, त्यातली थट्टा मात्र आता गेली होती. "पंचसाहेब, एक विचारतो. त्या दिवशी सामना संपल्यावर तुम्ही अहवाल लिहिला असेल ना?"

"प्रत्येक सामन्याचा लिहिला."

"त्यात माझं नाव होतं?"

"असणारच. अकरांत होतात तुम्ही."

"पण मला तर बाहेर काढलं होतं."

"म्हणून काय झालं? कितव्या मिनिटाला काढलं, कशासाठी काढलं, सगळं लिहायचं. बाहेर काढलेल्याचं नाव कापलं, तर..." पंच थांबले. या वेळी श्वासासाठी नाही.

"तर?"

"तर संघटना अहवाल परत पाठवायची," ते सावकाश म्हणाले. "अर्धवट म्हणून."

"आमचा पण परत आलाय, काका," सिस्टर म्हणाल्या. "चौदा नावं कापल्यामुळे. तुमच्या नावापुढे मी काही लिहिलं नाही, तर कुणीतरी अंदाजानं लिहील. शेवटचा आकडा चारशे अकरा आहे, त्यावरून."

"चारशे अकरा." पंचांनी खिडकीबाहेर पाहिलं. "केंद्रात सगळ्यांत जास्त होता ना तेव्हा?"

"त्या दिवशी होता."

"तुमच्या त्या चार खुर्च्या. मी एकीवरही कधी बसलो नाही, सिस्टर. लोक बसायचे आणि मी शेजारून जायचो. मनात म्हणायचो, बसला बिचारा." शाल खांद्यावरून सरकली ती त्यांनी तशीच राहू दिली. "आता मी तिथं येऊन बसणार. आणि ते तुम्ही लिहिणार."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "बसलात तर बसलात असं लिहिणार. खोटं काही लिहिणार नाही, कमी नाही आणि जास्तही नाही."

दोघं निघाले तेव्हा पंच एवढंच म्हणाले, "बघतो."

जिना उतरताना नवरा म्हणाला, "बघतो म्हणजे नाही. मला पण त्या दिवशी बघतो म्हणाला होता आणि कार्ड काढलं."

शुक्रवारी सकाळी कॉरिडॉरमध्ये सगळं कालच्यासारखंच होतं. सिस्टरांनी शंकू जागेवर आहेत का ते तपासलं, पट्ट्यांवर ओलं फडकं फिरवलं, पेले धुतले. आकडेवाली दोनदा खाली येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसूनच राहिली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. डॉक्टरांनी दुपारचा एक पेशंट पुढे ढकलला आणि कारण विचारल्यावर सांगितलं नाही.

चारनंतर फाटकाशी एक टॅक्सी थांबली. पुढच्या सीटवरून सिस्टरांचा नवरा उतरला. मागून सून उतरली, चाकाची खुर्ची घेऊन एक वॉर्डबॉय टॅक्सीकडे धावला, आणि त्याला कुणीतरी टॅक्सीच्या आतून दरडावलं, "ती न्या परत."

पंच पायी आले. टॅक्सीपासून कॉरिडॉरपर्यंत वीस पावलं असतील. त्यांत ते तीनदा थांबले. त्यांच्या पायात काळे बूट होते, जुने, पण पॉलिश केलेले, नाडी दुहेरी गाठ मारून बांधलेली.

"तुम्ही कुठे भेटलात यांना?" सिस्टरांनी नवऱ्याला विचारलं.

"दुपारी दुकानात सुनेचा फोन आला. म्हणाली, बाबा बूट मागतायत. मी म्हटलं, तीन मजले कसे उतरवणार? गेलो. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवली. पाऊण तास लागला." आणि मग हळूच, "वाटेत माझ्या त्या खांद्यालाच धरून उतरला. म्हणाला, खांदा होता खरा."

डॉक्टरांनी पंचांना तपासलं. छाती ऐकली, बोटाला चिमटा लावला, पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, पुन्हा चिमटा लावला. "चालायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण हा आकडा ऐंशीच्या खाली गेला की मी थांबवणार. तिथे माझा निर्णय. मान्य?"

"पंचाचा निर्णय," पंच म्हणाले. "मान्य."

सिस्टरांनी ठरलेल्या सूचना वाचून दाखवल्या. या चाचणीत मोजणाऱ्यानं काय बोलायचं ते ठरलेलं असतं. दर मिनिटाला एक वाक्य, सगळ्यांना तेच, त्याच आवाजात. एखाद्याला जास्त हुरूप दिला तर तो जास्त चालेल, आणि मग ते अंतर त्याचं एकट्याचं राहणार नाही. सिस्टरांचा नवरा घरी म्हणायचा, बायको माझ्याशीपण तेवढीच वाक्यं बोलते.

"दम लागला तर थांबू शकता. बसूही शकता. घड्याळ मात्र थांबणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

"जखमी खेळाडूसाठी जादा वेळ?"

"नाही."

"कडक आहे तुमचा खेळ," पंच म्हणाले आणि शंकूजवळ जाऊन उभे राहिले.

सिस्टरांनी घड्याळ दाबलं.

पहिले तीस मीटर ते ताठ चालले. शंकूला वळसा घालताना डावा पाय जरा घुटमळला. दुसऱ्या फेरीत खांदे वर यायला लागले. त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून सिस्टर चालत होत्या, पुढून चाललं तर चालणाऱ्याची चाल बदलते म्हणून.

"छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत."

तिसरी फेरी. पंचांचं तोंड उघडं पडलं होतं. ओठ गोल करून ते फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत होते, जसा सिस्टरांनी त्यांना पहिल्या दिवशी शिकवला होता.

"असंच चालू ठेवा. अजून चार मिनिटं आहेत."

चौथ्या फेरीच्या मध्यावर ते थांबले. एक हात भिंतीवर. जिन्यावर आकडेवाली उठून उभी राहिली. नवरा एक पाऊल पुढे आला. सुनेनं त्याची बाही धरली. सिस्टरांच्या तोंडाशी दहा वाक्यं आली होती. त्यांनी ठरलेलं होतं तेवढंच म्हटलं.

"हवं तर टेकून थांबा. बरं वाटलं की पुन्हा चालायला लागा."

पंचांनी मान वळवून खुर्च्यांकडे पाहिलं. चार होत्या. तिसरी सगळ्यांत जवळ होती. ते गेले आणि बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. बुटांच्या नाड्या तेवढ्या सगळ्यांना दिसत होत्या.

सिस्टरांच्या गळ्यातलं घड्याळ चालत होतं. डॉक्टर वाकून बोटावरचा आकडा बघत होते. ते काही बोलले नाहीत, म्हणजे आकडा वर होता.

"छान. निम्मं झालं," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीही फरक नव्हता. तो तसा ठेवायला त्यांना एकवीस वर्षांची नोकरी कामी आली.

पंचांनी मान वर केली. "घड्याळ चालू आहे ना?"

सिस्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"चालू राहू दे," ते म्हणाले. खुर्चीच्या हातांवर जोर दिला. उठता आलं नाही, दुसऱ्यांदा जोर दिला, आणि उभे राहिले. चौथी फेरी पुरी झाली. शंकू. पाचवी. आता ते ताठ नव्हते. पाऊल उचलत नव्हतं, फरशीवरून पुढे सरकत होतं, पण सरकत होतं.

"असंच चालू ठेवा. दोनच मिनिटं राहिली."

कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला औषधाच्या खिडकीपाशी रांग होती. रांगेतल्या लोकांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण त्यांचं बोलणं थांबलं. एका म्हाताऱ्यानं आपली काठी पट्टीवरून बाजूला घेतली.

शंकू. सहावी फेरी. नवऱ्याच्या ओठांची हालचाल होत होती. तो मोठ्यानं काही म्हणू नये म्हणून सुनेनं अजून त्याची बाही सोडली नव्हती.

"छान. एकच मिनिट राहिलं."

शंकू. पंचांनी वळसा घातला. पहिली पट्टी. दुसरी. तिसरीवर थांबतील असं वाटलं, थांबले नाहीत. चौथी. त्यांचा उजवा हात वर आला, छातीपाशी, मूठ ओठांजवळ नेल्यासारखी. शिटी तिथं नव्हती, पण हात तिथंच राहिला. पाचवी.

"थांबा."

पुढच्या पट्टीला बूट टेकत होता, ते जिथल्या तिथे थांबले. डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्यापर्यंत आणली, आणि पंच बसले, या वेळी खुर्चीकडे न बघता. सून पाणी घेऊन आली. नवरा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता.

आकडेवाली जिन्यावरून उतरून आली. तिनं लॅपटॉप उघडून कोरी जागा समोर धरली आणि सिस्टरांकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते.

सिस्टर खाली वाकल्या. पंचांच्या बुटाचं टोक सहाव्या पट्टीवर होतं. त्यांनी फेऱ्या मनात पुन्हा एकदा मोजल्या, पट्ट्या बोटानं मोजल्या, आणि उठून आकडा सांगितला.

"एकशे अठ्ठ्याण्णव मीटर."